गळ टाकून निवांत बसायला ९०० वर्षं लागली

(ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.)

आज लढाई नाही, तह नाही, गडाची चढाईही नाही. आज आपण मासे धरायला चाललोय.

इतिहासाच्या पॉडकास्टवर मासे कशाला, असं वाटलं असेल तर जरा थांबा. घरच्यांना घेऊन तळ्याकाठी जायचं, गळ टाकायचा आणि काहीही न करता बसायचं. कोल्हापुरात हा बेत ठरायला पाच मिनिटं पुरतात. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी "रविवारी कोण कोण येणार?" असं टाकतं, दोन अंगठे येतात, एक काका "तांबडा-पांढरा घरातनं आणूया" म्हणतो आणि विषय संपला. पण हा साधा बेत शक्य व्हायला इतिहासात किती वर्षं लागली, हे मोजायला बसलो तर आकडा ९०० च्या घरात जातो.

कारण निवांत गळ टाकून बसायला चार गोष्टी लागतात. रिकामा वेळ, साठवलेलं पाणी, त्या पाण्याकाठी बसायचा हक्क आणि पाण्यात जिवंत मासा. या चारही गोष्टी आपल्याला आयत्या मिळाल्यासारख्या वाटतात. त्यातली एकही आयती आलेली नाही. चला, एकेक बघू.

राजाचा टाइमपास

बाराव्या शतकात आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. आणि कोल्हापुरात होते शिलाहार, या चालुक्यांचे मांडलिक. या चालुक्यांमध्ये तिसरा सोमेश्वर नावाचा राजा झाला. त्यानं इ. स. ११२९ च्या सुमारास संस्कृतमध्ये एक प्रचंड ग्रंथ रचला, 'मानसोल्लास'. राज्य कसं मिळवायचं, कसं टिकवायचं, यापासून राजानं काय खावं, काय ऐकावं, कशात मन रमवावं, इथपर्यंत सगळं त्यात आहे. कुस्तीवाल्यांनो, त्यात मल्लविनोद नावाचं अख्खं प्रकरण आहे. आणि आपल्या आजच्या कामाचं प्रकरण म्हणजे मत्स्यविनोद.

इथं विनोद म्हणजे जोक नव्हे हां. विनोद म्हणजे करमणूक. मत्स्यविनोदात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची वर्णनं आहेत. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, खवल्यांचा कोणता, बिनखवल्यांचा कोणता. मग येतो खरा मुद्दा: माशांना ठरलेल्या जागी खायला घालून सवय कशी लावायची. कुणाला तिळाचे गोळे, कुणाला भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि भात, कुणाला मांस. काठी कशी हवी, दोरा कशाचा हवा, गळ कसा टाकायचा, हे सगळं शिस्तीत लिहिलंय. आज तळ्यावर कणकेचा गोळा करून आधी चार मुठी पाण्यात फेकणारे काका बघा. ते याच शास्त्रातले आहेत, फक्त त्यांना ते माहीत नाही!

आता लगेच "जगातलं पहिलं पुस्तक" असं स्टेटस टाकू नका. माशांवर आणि मासेमारीवर ऑपियन नावाच्या कवीनं ग्रीक भाषेत दुसऱ्या शतकातच मोठं काव्य लिहिलं होतं. पण इंग्रज ज्याला आपल्या गळाच्या छंदाचा मूळ ग्रंथ मानतात, ते पुस्तक छापलं गेलं १४९६ मध्ये. आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध पुस्तक आलं १६५३ मध्ये. त्याच्या ५०० वर्षं आधी आपल्या दख्खनमध्ये एक राजा 'पोटासाठी नाही, मजेसाठी' मासे धरण्यावर प्रकरण लिहीत होता. मानसोल्लासाची छापील प्रत बडोद्यातून ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केली आणि तिचा पहिला खंड १९२५ मध्ये आला. म्हणजे सर्वसामान्य वाचकाच्या हाती हा मजकूर येऊन जेमतेम १०० वर्षं झाली.

पण मंडळी, एक गोष्ट मला खटकते. काठी, दोरा, कोणता मासा काय खातो, हे सगळं राजाला कुणी सांगितलं असेल? राजवाड्यात बसून मरळ कुठं लपते हे कळत नाही. ते कळतं रोज पाण्यात उतरणाऱ्याला. माझा अंदाज असा, की त्या पानांमागे भोई आणि कोळी लोकांचं ज्ञान आहे. ज्यांचं ते रोजचं काम होतं, त्यांची नावं उरली नाहीत. ज्याचा तो विनोद होता, त्याचं नाव उरलं.

याच ग्रंथात संगीतावर लिहिताना सोमेश्वरानं एक नोंद केली आहे: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ओवीच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी हा एक. म्हणजे बघा, एकाच पुस्तकात राजा गळ टाकून बसलाय आणि बाई मुसळ घेऊन उभी आहे. तिची करमणूकसुद्धा कामाच्या आतच आहे. वेगळा रिकामा वेळ तिच्या वाट्याला नाही.

रविवार कुणी आणला?

हा रिकामा वेळ राजाकडून आपल्यापर्यंत कसा आला? त्याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. गिरणी कामगार तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायचे. हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी ती मागितली, अर्ज केले, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे लक्षात ठेवा. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. कोल्हापुरात शाहू मिल सुरू झाली १९०६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे भोंगा वाजायच्या आधीच सुट्टीची लढाई कुणीतरी लढून ठेवली होती.

पण हा रविवार कारखान्याचा. शेतीला रविवार नसतो. चुलीला तर नसतोच.

हे मला पुस्तकात नाही, एका पाझर तलावावर कळलं. जिल्ह्याच्या पूर्वेकडे आमच्या मूळ गावाजवळ एक छोटा पाझर तलाव आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे तिथं गेलो होतो. आई-वडील, काका-काकू, आत्याची आठ वर्षांची पोरगी आणि आज्जी. डब्यात भाकरी, खर्डा, दही. गाडीच्या डिकीत बांबूच्या दोन काठ्या, तंगूस, गळ, आणि जुन्या डब्यात ओल्या मातीत गांडुळं. काका पोरीला शिकवत होते: "थर्माकोल नाचला की लगीच वडू नगंस. बुडू दे. मग हिसका दे." पोरगी दर अर्ध्या मिनिटाला काठी ओढत होती आणि काका कपाळावर हात मारत होते.

आज्जी बांधावर सतरंजीवर बसली होती. बराच वेळ पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, "ह्या बांधावर मी पाट्या टाकल्यात बाबा. दुष्काळात. तळं झालं तवापास्नं येतोय, धुणं घेऊन येतोय, म्हसरं घेऊन येतोय. पण नुसतं बसायला आज पयल्यांदा आलो बघ."

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी येतोय" असंच बोलतात. चूक नाही ती.)

त्या एका वाक्यानं माझा हा भाग तयार झाला. पन्नास वर्षं जिनं ते तळं वापरलं, जिनं ते बांधलं, ती त्याच्या काठावर रिकाम्या हातानं पहिल्यांदा बसली होती. सोमेश्वराच्या पुस्तकातली मुसळवाली बाई ९०० वर्षांनी गळाच्या काठीशेजारी येऊन बसली, असं मला वाटलं.

पाणी साठवणारे

आता दुसरी गोष्ट, पाणी. आज्जीनं पाट्या टाकल्या तो दुष्काळ १९७२ चा. महाराष्ट्रभर त्या दुष्काळी कामांवर रस्ते, बंधारे, पाझर तलाव झाले आणि त्यातूनच पुढं रोजगार हमीची योजना उभी राहिली. तुमच्या गावाजवळ जर पाझर तलाव असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. तुमच्या पिकनिक स्पॉटची माती कुणाच्या डोक्यावरून गेलीय, हे घरातच कळेल.

तळं बांधायची ही परंपरा जुनी आहे. सोमेश्वराच्याच काळात कोल्हापूरच्या गादीवर शिलाहार राजा गंडरादित्य होता. त्यानं मिरज प्रदेशातल्या इरुकुडी नावाच्या गावी एक मोठं तळं बांधलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं, गंडसमुद्र. त्या तळ्याच्या काठी त्यानं शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवस्थानं उभारली आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी दिल्या. एकच तळं, तीन धर्म, एकच पाणी. ताम्रपटात नोंद आहे, फॉरवर्ड मेसेज नाही!

पुढं एकोणिसाव्या शतकात शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून कळंबा तलाव झाला. तिथून आलेलं पाणी शहरात जिथं साठवलं जायचं, त्या जागेचं नाव आजही 'पाण्याचा खजिना' आहे. पाण्याला खजिना म्हणणारं शहर आहे आपलं. मग १९०९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. पैशाअभावी ते १९१८ मध्ये थांबलं आणि शाहू महाराजांच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर.

यातलं एकही पाणी गळ टाकायला साठवलेलं नव्हतं. कुणी पिण्यासाठी, कुणी पिकासाठी, कुणी पुण्यासाठी तळी बांधली. निवांतपणा हा त्यावरचा बोनस.

काठ कुणाचा?

तिसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. पाणी आहे, सुट्टी आहे. पण त्या काठावर कुणी बसायचं?

राजर्षी शाहूंच्या काळातली कोल्हापूरचीच गोष्ट. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. अस्पृश्य मानलेल्या माणसाचा हात पाण्याला लागला, एवढाच गुन्हा. महाराजांना कळल्यावर त्यांनी दोषींना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यातून 'सत्यसुधारक' हे चहाचं हॉटेल उभं राहिलं. महाराज स्वतः तिथं चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले.

मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली आणि तिथं शाहू महाराजांनी तरुण बाबासाहेब आंबेडकरांना लोकांसमोर आणलं. त्यानंतर बरोबर सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यावरून दंगा झाला, खटला झाला, तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल लागायला १९३७ उजाडलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

आज आपण सतरंजी टाकतो, डबा उघडतो, पाण्यात पाय सोडतो. काठावर शेजारी कोण बसलंय हे आपण विचारत नाही. निदान विचारायला नको. या न विचारण्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

मासा येतो कुठून?

आता चौथी आणि शेवटची गोष्ट, खुद्द मासा. त्या दिवशी आत्याच्या पोरीनं शेवटी एक मासा काढलाच. वितभर चिलापी. केवढा आनंद! आज्जी मात्र बघून म्हणाली, "आदी मरळ लागायची. डोक लागायचा. ही कुठली नवी?"

खरंच नवी. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. साठलेल्या पाण्यात भराभर वाढते, भराभर पिल्लं देते, मिळेल ते खाते आणि स्थानिक माशांच्या वाट्याची जागा घेते.

मग रोहू, कटला, मृगळ? तेही आपल्या तळ्यात आपोआप आलेले नाहीत. हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. म्हणून पूर्वी नद्यांमधून त्यांची पिल्लं गोळा करून न्यावी लागायची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवून आणलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. आज ठेका घेतलेल्या संस्था तळ्यात बोटुकली सोडतात. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. काय गोड शब्द आहे! तेव्हा गळाला रोहू लागला की समजा, त्याच्यामागं एक प्रयोगशाळा आहे आणि कुणाची तरी मजुरी आहे. म्हणूनच गळ टाकण्याआधी तळ्याचा ठेका कुणाकडं आहे, हे विचारून घ्या. त्यांचं ते पोट आहे.

आणि आता जे सांगायचंय ते. वेळ, पाणी, हक्क या तीन गोष्टी आपण मिळवत आलो. चौथी आपल्या डोळ्यांदेखत हातातून चाललीय.

कोल्हापूर हे तळ्यांचं शहर होतं. कपिलतीर्थ कुठं आहे? तिथं आज भाजी मंडई आहे. वरुणतीर्थ? त्याचं गांधी मैदान झालं, आणि जोराचा पाऊस झाला की तिथं अजूनही पाणी साचतं. रावणेश्वराचं तळं? तिथं शाहू स्टेडियम आहे. रविवारी आपण ज्या मैदानावर फुटबॉलसाठी घसा फोडतो, त्याच्याखाली एक तळं झोपलंय.

जी तळी उरली, त्यांचं काय? रंकाळ्याचं पाणी काही वर्षांपूर्वी हिरव्या रंगासारखं दिसायचं, आठवतंय? त्यामागचं गणित सोपं आहे. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात येतात. ते शेवाळाचं खत. शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री सगळ्यांसारखं तेही प्राणवायू घेतं. मेलेलं शेवाळ कुजताना तर आणखीच ओढतं. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. लहान मुलं म्हणतात, "बघा, मासे किती वर आलेत!" ते खेळत नसतात, गुदमरत असतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचे थर तरंगल्याच्या बातम्याही आपण दर काही वर्षांनी वाचतो आणि पुढं स्क्रोल करतो.

सोमेश्वराकडं ३५ प्रकारच्या माशांची यादी होती. तुम्ही तुमच्या तळ्यातले किती सांगू शकाल? मी काकांना विचारलं, त्यांनी अकरा सांगितले. वडिलांनी सात. मला चार आले. यादी पाण्यातही आखडतेय आणि डोक्यातही.

म्हणून मंडळी, एक काम सांगतो. पुढच्या वेळी तळ्यावर जाल तेव्हा फोन खिशातून काढाच, पण रीलसाठी नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला माशांची नावं विचारा आणि रेकॉर्ड करा. कोणता मासा कुठं मिळायचा, कोणत्या महिन्यात, कशाच्या आमिषाला. जमलं तर ती नावं माशाच्या फोटोसकट आम्हाला पाठवा, आपण एका भागात वाचून दाखवू. जूनमध्ये पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात, त्या चढणीच्या माशांना जाऊ द्या. वितीपेक्षा लहान मासा परत सोडा. फक्त चिलापीला ही सूट नाही, तिचं कालवण करा! तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतो. घरच्या फिशटँकमधले मासे तळ्यात सोडून पुण्य मिळत नाही, नवीन चिलापी मिळते. आणि तुमच्या वॉर्डातलं सांडपाणी कुठल्या नाल्यातून कुठं जातं, हे एकदा चालत जाऊन बघा. तासाभराचं काम आहे. मतं मागायला येणाऱ्याला विचारायला मग एक नेमका प्रश्न तयार होतो.

आजच्या भागात एवढंच. ऐकत राहा, वाचत राहा, आणि आज्जीला तळ्यावर घेऊन जा. धुणं न देता.